काका, पाणी प्यालास का?

हेतल घरतला जनावरांची डॉक्टर व्हायला साडेपाच वर्षं लागणार होती. पनवेलकरांना एवढा धीर कुठला! प्रवेश पक्का झाल्याचं कळलं आणि त्याच आठवड्यात सोनाबाई अपार्टमेंटच्या कोपऱ्यावर बॅनर चढला. मधोमध हेतलचा आधार कार्डावरचा फोटो ताणून मोठा केलेला, भोवती गॉगल लावलेल्या शुभेच्छुकांची गर्दी, आणि वर सोनेरी अक्षरांत ‘डॉ. हेतल घरत’. पोरीने अजून कॉलेजचं फाटकही पाहिलं नव्हतं. तिने आईजवळ हळूच म्हटलंही, की अगं, ते ‘डॉ.’ काढायला सांग. आई म्हणाली, आता छापून आलाय, राहू दे. मग दुसऱ्या दिवशी भाजीवाल्यानेही तिला डॉक्टर म्हणून हाक मारली आणि खरं सांगायचं तर तिला ते आवडलं. कुणाला नाही आवडणार?

बॅनर लावला होता आनंदाकाकाने. आनंदाकाका म्हणजे हेतलच्या बापाचा थोरला भाऊ. तरुणपणी आपल्या बापाबरोबर मिठागरात राबलेला, नंतर जमीन गेली, तिच्या बदल्यात प्लॉट आला आणि प्लॉटवर इमारत उभी राहिली. इमारतीला त्याने आपल्या आईचं नाव दिलं. बायको लवकर गेली, मूलबाळ नाही. जे काय लाड करायचे ते हेतलचे आणि चांदीचे. चांदी ही त्याची गाय. तिचं दूध आटून जमाना झाला होता, तरी ती इमारतीच्या पार्किंगमध्ये दोन मोटारींच्या मध्ये ऐटीत बांधलेली असायची. भाडेकरूंनी कुरकुर केली की काका म्हणायचा, “गाडी तुमची हाय, जागा माझी हाय. तिला वास येतो म्हनता, तुमच्या गाडीला काय अत्तर लावलंय?”

बॅनरने हौस भागली नाही म्हणून पुढे ग्रामस्थ मंडळाने सत्कार ठेवला. शाल, श्रीफळ, भाषणं, माइकची शिट्टी, सगळं यथासांग झालं. त्यासाठी हेतल हॉस्टेलवरून मुद्दाम सुट्टी टाकून आली. नेमकी त्याच दिवशी कॉलेजात पहिल्या वर्षाच्या मुलांना रेबीजची लस द्यायला सुरुवात झाली होती. पुढच्या खेपेला घेऊ, असं तिने ठरवलं. पुढची खेप आली तेव्हा तिची परीक्षा होती.

हॉस्टेलवर तिची खोली उरणच्या जास्मीनबरोबर होती. जास्मीन चौथ्या वर्षाला. तिथे रीत अशी, की सीनियरला नावाने हाक मारायची नाही, ‘मॅम’ म्हणायचं. पहिल्याच संध्याकाळी जास्मीनमॅमने पलंगावर मांडी ठोकून हेतलला या धंद्याचं बाळकडू पाजलं. गमबूट एक नंबर मोठा घे, आणि घालण्याआधी उलटा करून झटक, आत विंचू निघाला नाही तरी बेडूक निघतोच. अॅप्रन दोन हवेत, कारण एक कायम ओला असतो. नखं कापलेली, अंगठी-बांगडी काढलेली, ओढणी खोलीतच. शरीररचनेच्या प्रॅक्टिकलला उपाशीपोटी जाऊ नकोस, शूर पोरीच आधी कोसळतात. हाडांचा संच विकत घेऊ नकोस, माझा वापर. गाईजवळ जाताना आधी आवाज दे, मग हात लाव; घोड्याच्या मागून जाऊच नकोस. रेबीजची लस पहिल्याच खेपेला घे.

“आणि सगळ्यांत महत्त्वाचं,” जास्मीन म्हणाली होती, “घरचे फोन करतील. कोंबडी शिंकली, बकरी लंगडली, मांजर रुसलं. तू पहिल्या वर्षाला आहेस, तुझं उत्तर एकच. जवळच्या डॉक्टरांना दाखवा. याच्यापुढे एक शब्द बोलायचा नाही. कसम खा.”

हेतलने हसत हसत कसम खाल्ली. गमबूट झटकायचं तिने कधी चुकवलं नाही.

एका शनिवारी दुपारी ती मेसमध्ये जेवत होती. आनंदाकाकाचा व्हिडिओ कॉल आला.

“डॉक्टरबाय, चांदी काय खात नाय. नुसती लाळ गळते. घशात कायतरी आडकलंय वाटतं.”

शेजारी वर्गातल्या चार मुली बसल्या होत्या. त्या ‘डॉक्टरबाय’वर त्यांनी माना वळवल्या आणि तिथेच हेतल कसम विसरली. आदल्याच आठवड्यात तिने कॉलेजच्या दवाखान्यात एका गाईच्या घशातून आंब्याची कोय काढताना पाहिली होती. पाहिली म्हणजे, सीनियरांच्या पाठींमागून टाचा उंच करून जेवढी दिसली तेवढी.

“काका, कोय नाहीतर प्लॅस्टिक असणार. बाही वर कर. जीभ एका बाजूला ओढून धर आणि हात आत घालून चाचप.”

काकाने जराही मागेपुढे पाहिलं नाही. पुतणीने सांगितलं ना, झालं. फोन मोटारीच्या टपावर टेकवून त्याने कोपरापर्यंत हात चांदीच्या तोंडात घातला. लाळेची धार त्याच्या दंडावरून ओघळत होती. बराच वेळ चाचपल्यावर तो म्हणाला, “कायच नाय लागत गो. दाढ लागली तेवडी माझ्या हाताला.”

“मग आतून सुजलं असेल. उतरेल.”

“आवाज पन बसलाय तिचा.”

“सर्दी,” हेतल म्हणाली.

सर्दी! फोन ठेवल्यावर मैत्रिणींनी तिच्याकडे कौतुकाने पाहिलं आणि हेतलने त्या दिवशी भात दुसऱ्यांदा घेतला.

जास्मीन शनिवार-रविवार उरणला गेली होती. सोमवारी सकाळी ती परतली, तेव्हा हेतलने चहा घेताना तिला ही हकिकत रंगवून सांगितली. कसम मोडल्याबद्दल थोडा ओरडा बसेल आणि मग शाबासकी मिळेल, असा तिचा हिशेब होता. जास्मीन आधी हसत होती. मग तिने कप खाली ठेवला.

“गिळत नाही. लाळ गळते. आवाज बसलाय?”

“हो.”

“हात कुणी घातला?”

“काकाने.”

“ग्लव्ह?”

हेतलने नकारार्थी मान हलवली.

“कुठे खरचटलं?”

“दाढ लागली म्हणाला.”

“या अल्लाह,” जास्मीन म्हणाली. “हेतल, तिच्या घशात काही नव्हतं. गिळायच्या नसाच गेल्यात. गाय पिसाळली असणार.”

“कुत्रं पिसाळतं ना, मॅम?”

“पिसाळलेलं कुत्रं ज्याला चावतं ते सगळं पिसाळतं. चावायला लागतं असंही नाही. लाळ जखमेला लागली, बस.” तिने हेतलचा दंड पकडला. “माणसाला एकदा लक्षणं दिसली की कुणाच्या हातात काही राहत नाही. त्याच्या आधी सगळं हातात असतं. फोन लाव. साबणाने हात धुवायला सांग, वाहत्या पाण्याखाली, भरपूर वेळ. आणि लगेच दवाखाना.”

 हेतलने फोन लावला. वाजून वाजून थांबला. पुन्हा लावला. चौथ्या वेळेला आईने उचलला. “काका करंजाला गेलाय, आत्याकडं, हळदीला. फोन हितंच खाटेवर इसरला. आत्या कुटं फोन उचलतेय आज! काय गो, का रडतेस?”

दोघी तशाच निघाल्या. एसटीत हेतल खिडकीशी बसली आणि सबंध वाट मनात एकच देखावा पाहत राहिली. काकाची वर केलेली बाही, ती लाळ, आणि स्वतःचा तो शहाणा आवाज. जीभ एका बाजूला ओढून धर. कुणी आपल्या माणसाला विहिरीत ढकलताना इतकं नीट समजावून सांगत असेल का? कळंबोलीला उतरून त्यांनी रिक्षा केली.

पार्किंगमध्ये चांदीला पाहिलं आणि उरलीसुरली आशा संपली. गाय मान ताणून उभी होती, डोळे तारवटलेले, तोंडातून लाळेच्या तारा. मधूनच ती हंबरायची, पण तो आवाज गाईचा वाटतच नव्हता, फुटक्या भोंग्यासारखा घोगरा निघायचा. भाडेकरूंनी मोटारी बाहेर नेऊन लावल्या होत्या. आणि गाईला वारा लागू नये म्हणून काकाने मागे जे फ्लेक्स बांधलं होतं, ते तेच, हेतलचं. सत्कार झाल्यावर उतरवून त्याने जपून ठेवलेलं. चांदीच्या पाठीमागे डॉ. हेतल घरत सोनेरी अक्षरांखाली हसत उभी होती.

हेतलला वाटलं, ते टराटरा फाडून टाकावं. जास्मीनने तिला मागे ओढलं. “जवळ जायचं नाही. तुझी लस झालीय ना?”

हेतल आपणच दोन पावलं मागे सरली.  जास्मीनने सरकारी पशुवैद्यांना फोन करून कळवलं, आईला सांगितलं की गाईजवळ कुणाला फिरकू देऊ नका, आणि दोघी त्याच रिक्षाने करंजाकडे सुटल्या.

हळदीच्या घरी मांडव दणदणत होता. डीजेवाला आवाज तपासत होता, अंगणात बायका वडे तळत होत्या, आणि एका बाजूला पुरुषमंडळी कांदे चिरायला बसली होती. त्यांत आनंदाकाका. गालाला हळद, डोक्याला रुमाल, आणि उजव्या मनगटाच्या वर मळलेली चिंधी गुंडाळलेली. हेतलला पाहून त्याचा चेहरा फुलला.

“आली बगा आमची डॉक्टरबाय! खुर्ची द्या रे!”

खुर्ची आली. सरबत आलं. आत्याने तिच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. एक जण लगेच म्हणाला, आमचा कुत्रा दोन दिस जेवत नाय, जरा बगशील का? हेतल खुर्चीत बसली नाही. ती काकासमोर जमिनीवर बसली.

“काका, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चल. चांदी पिसाळलीय. तुझ्या हाताला तिची लाळ लागलीय.”

काका हसला. “ती मना चावली नाय. मीच हात घातला. तूच बोललीस ना, घाल म्हनून?”

“चावायला लागत नाही, काका. इंजेक्शनं घ्यायला हवीत.”

“चांदी पिसाळेल?” आता त्याचा आवाज चढला. “लहान वासरू व्हती तवापासून माज्या हातची खाते ती. सर्दी झालीय तिला. तूच बोललीस. आन माजी पुतनी बोलली म्हंजे बोलली.” त्याने आजूबाजूला पाहिलं, साक्षीला. सगळ्यांनी माना डोलावल्या. डॉक्टरच बोलली म्हणजे झालंच की.

जास्मीन पुढे होऊन समजावू लागली. ती चौथ्या वर्षाला होती, तिला सगळं येत होतं, पण ती काकाची कोण? काकाने तिचं ऐकून घेतलं, तिला सरबत दिलं आणि पुन्हा कांदा हातात घेतला. “हलद लागू दे, मंग उद्या बगू.”

उद्या! शनिवारपासूनचा वेळ आधीच वाया गेला होता. हेतलने त्याच्या हातातला कांदा काढून घेतला. डीजे तेवढ्यात सुरू झाला, म्हणून तिला ओरडावं लागलं आणि सगळ्या मांडवाने ते ऐकलं.

“मी डॉक्टर नाय, काका! मना कायपन म्हायत नव्हतं! मैतरनी बसल्या व्हत्या बाजूला, म्हनून मी शायनिंग मारली! सर्दी मी मनानंच बोलली!”

कुणीतरी डीजे बंद करायला सांगितला. वडे तळणाऱ्या बायकांचे झारे थांबले. हेतलने सत्कारात मिळालेली शाल, नारळ, टाळ्या, सगळं जणू त्या अंगणात परत केलं आणि ती ढसाढसा रडू लागली. कॉलेजात गेल्यापासून ती घरी असलं बोलत नव्हती, शुद्ध बोलायची. आज बोली आपोआप तोंडात आली.

 काकाने अगदी हळू आवाजात विचारलं, “आन आता? आता तरी म्हायत हाय का?”

“मी मरनार का, असं विचारतोस ना?” हेतल म्हणाली. “मना नाय म्हायत. एवडंच म्हायत हाय की आज चललास तर वाचशील, असं या मॅम बोलतात. आन मी त्यांचं आयकलं नव्हतं.”

आनंदाकाका उठला. आजवर पोरीने प्रत्येक गोष्टीवर उत्तर दिलं होतं आणि त्याने ते खरं मानलं होतं. ‘म्हायत नाय’ हे तिच्या तोंडून तो पहिल्यांदा ऐकत होता, आणि त्यानेच तो हादरला. अंगणातल्या नळाखाली जास्मीनने त्याला हात धरायला लावला, चिंधी सोडली, आणि साबण लावून पाणी सोडत राहायला सांगितलं. जखम मोठी नव्हती. एवढीशी खरवड, कडेने लाल झालेली. हेतल नळ धरून उभी होती. काका वाहत्या पाण्याकडे एकटक पाहत होता. 

पनवेलच्या सरकारी रुग्णालयात लस टोचली आणि मग जखमेच्या भोवती सीरमची सुई. मनगटावरच्या कातडीत सुई फिरते तेव्हा दांडगा गडीही कळवळतो. काकाने दात आवळून हेतलचा खांदा धरला. तिच्या खांद्यावर नंतर कितीतरी दिवस वळ होता आणि तो जाऊ नये असं तिला वाटायचं. हेतलनेही त्याच रांगेत आपली राहिलेली लस घेतली. तिथल्या डॉक्टरबाईंनी तिला विचारलं, काय करतेस? ती म्हणाली, शिकते.

चांदी त्याच आठवड्यात गेली. पशुवैद्यांनी मेंदूचा नमुना तपासायला पाठवला आणि उत्तर जास्मीन म्हणाली होती तेच आलं. गाईच्या नाकपुडीवर जुना ओरखडा होता. मागे केव्हातरी समोरच्या बांधकामावरचं भटकं कुत्रं तिच्या तोंडाला भिडलं होतं, असं वॉचमनला तेव्हा आठवलं. खड्डा खणून, चुना टाकून तिला पुरलं. काकाला जवळ येऊ दिलं नाही. तो लांबून रस्त्यावर उभा राहिला, सदऱ्याच्या बाहीने डोळे पुसत.

उरलेल्या सगळ्या सुया काकाने वेळेवर घेतल्या. जास्मीन म्हणाली, आता काळजी नको. दवाखान्यातही तेच सांगितलं. पण हे सांगताना सगळे आधी विचारायचे, लागल्यावर लगेच घेतली ना? आणि हेतलला ‘लगेच’ म्हणता येत नव्हतं. शनिवार ते सोमवार. मेसमधला तो भात, रविवारची ती दुपारची झोप. हा आजार कधीकधी महिनोन् महिने अंगात दबा धरून बसतो, हे तिने आता चार ठिकाणी वाचलं होतं. आधी एवढं वाचलं असतं तर! तिचं जेवण तुटलं. प्रॅक्टिकलला ती उपाशीपोटी जायची आणि एकदा खरंच कोसळली.

तेव्हापासून रोज सकाळी ती काकाला फोन करायची. इकडचं तिकडचं बोलायची, भाडेकरूंचं, पार्किंगचं. आणि शेवटी, जसं काही सहज आठवलं म्हणून, विचारायची, “काका, पाणी प्यालास का?”

“प्यालो गो.”

तेवढ्यावर तिचा तो दिवस निघायचा. दुसऱ्या सकाळी पुन्हा तोच फोन. या रोगात माणसाला आधी पाण्याचं भय वाटू लागतं, घोट घशाखाली जात नाही, एवढं तिला माहीत होतं. काकाला ते कळू द्यायचं नाही, हे तिने मनाशी पक्कं केलं होतं. म्हाताऱ्या जिवाला कशाला तो घोर? त्याला वाटू दे, पोरगी माया करते.

पुढच्या वर्षीची नवी मुलं हॉस्टेलवर आली त्या सकाळी काकाने फोन उचलला नाही. हेतलने पुन्हा लावला. पुन्हा. आई बाजारात गेलेली, बाबा उरणला कामावर. बाहेर नव्या मुली ट्रंका ओढत होत्या, एक जण दारात येऊन ‘मॅम, गमबूट कुठे मिळतात?’ असं विचारत होती, आणि हेतल कॉरिडॉरच्या भिंतीला पाठ लावून खाली बसली होती. फोन कानाला तसाच. तिला पार्किंगमधली ताणलेली मान दिसत होती, आणि तिथे मान गाईची नव्हती.

सहाव्या की सातव्या वेळेला फोन उचलला गेला.

“अगो, आंगोळीला गेलतो. काय एवडी घाई?”

 हेतलच्या तोंडून नुसता हुंदका निघाला. 

“हेतल,” काका म्हणाला. आज डॉक्टरबाय नाही म्हणाला. “मिठागरावर आमच्यासंगं काशिराम व्हता. त्याला कुत्रा चावलेला. मी त्याला पानी द्यायला गेलतो, तर तांब्या बगून तो वरडायला लागला. माज्या डोल्यांदेखत गेला तो.”

हेतलने फोन कानाशी घट्ट दाबला.

“तू रोज काय इचारतेस ते मना पयल्या दिसापासून म्हायत हाय गो,” काका म्हणाला. “मी पन रोज सकाली उठलो का आदी तांब्याकडंच बगतो. थांब जरा.”

फोन कुठेतरी टेकवल्याचा आवाज आला. मग भांड्याचा. मग काका फोनच्या अगदी जवळ येऊन पाणी पिऊ लागला, मुद्दाम, मोठ्याने, एकेक घोट वेगळा ऐकू जाईल असा.

“आयकलंस?” त्याने विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता तो आणखी प्यायला.